रेकॉर्डिंगमधून कापलेल्या गाड्या

लोणावळ्यातलं आमचं कॉलेज रेल्वेलाइनला इतकं चिकटून आहे की वाणिज्य शाखेच्या पहिल्या मजल्यावरच्या वर्गातून, गाडी हळू असेल तर, खिडकीतल्या माणसाचा चष्मासुद्धा दिसतो. त्या वर्गात मी सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. पहिली दोन वर्षं मी गाड्यांशी भांडले. गाडी आली की आवाज चढवायचा, मालगाडी आली की आणखी चढवायचा. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत माझा घसा असा बसला की पंधरा दिवस मी घरात खुणांनी बोलत होते, आणि घरचे फार आनंदात होते.

डॉक्टरांनी सांगितलं, ओरडायचं नाही. मग मी गाडी आली की थांबायला लागले. वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं, खडू खाली ठेवायचा, गाडी जाऊ द्यायची. सुरुवातीला मला त्या वेळाचा फार राग यायचा. तासातली दहा-बारा मिनिटं रेल्वे खाऊन टाकते, असं मी प्राचार्यांकडे लेखी दिलं होतं. ते म्हणाले, रेल्वे आपल्या आधीपासून आहे.

मग एकदा असं झालं की मी वर्गाला प्रश्न विचारला आणि त्याच क्षणी हॉर्न वाजला. घाट चढून आलेली लांबलचक मालगाडी होती, मागून ढकलणारी इंजिनं लावलेली. ती संपेपर्यंत मुलं माझ्याकडे बघतायत, मी मुलांकडे बघतेय. शेवटचं इंजिन गेलं आणि एकदम चार हात वर! एरवी मी प्रश्न विचारून तीन सेकंद थांबायची आणि मग उत्तर स्वतःच सांगून टाकायची. मुलांना विचार करायला वेळच मिळत नव्हता, आणि तो मी देत नव्हते, हे मला एका मालगाडीनं शिकवलं.

त्यानंतर मी चक्क वेळापत्रक पाठ केलं आणि मालगाडीचा हॉर्न लांबून ओळखायला शिकले. लोकल यायच्या आधी सोपा प्रश्न, एक्स्प्रेसच्या आधी जरा तिखट, आणि मालगाडीच्या आधी असा की मुलांनी डोकं धरून बसावं. मुलंही पक्की झाली. लांबून हॉर्न ऐकला की मागच्या बाकावरून आरोळी यायची, "मॅडम, मालगाडी आहे, मोठा घाला!" नव्यानं आलेल्या प्राध्यापकांना वाटायचं की या वर्गाला वेड लागलंय. मला मात्र त्या वर्गाचा इतका अभिमान होता की विचारू नका.

आता हे सगळं इतकं सांगितल्यावर मी पुढे काय केलं ते सांगायची लाज वाटते. पण सांगते.

टाळेबंदीत मोबाइलच्या काचेला शिकवलं, ते दिवस मी नोकरीत धरतच नाही. ते संपले तेव्हा वाटलं, सुटलो. पण पुढे आमच्या संस्थेनं ठरवलं की प्रत्येक विषयाची रेकॉर्डिंग करून ठेवायची. ज्यांना वर्गात येता येत नाही, ज्यांचे जुने पेपर राहिलेत, त्यांनी ती बघावीत. पुण्यात बैठक झाली. मी तिथे उभी राहिले आणि तावातावानं बोलले. चेहरा दिसल्याशिवाय शिकवता येत नाही, मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला चेहऱ्यानं ओळखते, डब्यात बंद केलेलं शिक्षण मला नको, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. ठराव मात्र मंजूर झाला.

मग एका सकाळी पुण्याहून दोन माणसं आली. दिवे, कॅमेरा, कॉलरला लावायचा माइक. आणि इथे माझी सगळी तत्त्वं वितळली. मी निळी साडी नेसून गेले होते, कारण पांढऱ्या भिंतीपुढे निळी चांगली दिसते असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. रिकाम्या वर्गात मी बारा तास शिकवलं, तीन दिवसांत. सवयीनं प्रत्येक गाडीला थांबले. काम संपल्यावर त्यातल्या एडिटिंग करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, मध्ये मध्ये तुम्ही नुसत्या उभ्या आहात आणि मागे गाडीचा आवाज आहे. त्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "कापून टाका."

एका क्षणाचाही विचार केला नाही हो! सव्वीस वर्षांची कमाई मी त्या माणसाच्या हातात कात्री देऊन कापायला सांगितली, आणि वर त्याला चहा पाजला.

व्हिडिओ आले तेव्हा मी खुळी झाले. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास एकतीस मिनिटांवर आला होता. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही, प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर. मी पहिला व्हिडिओ चार वेळा बघितला. इतकी हुशार बाई मी आजवर पाहिली नव्हती. सुदुंबऱ्याच्या एका विद्यार्थ्यानं मुद्दाम भेटून आभार मानले. त्याची कारखान्यात पाळी असते, कॉलेजला येणं त्याला शक्यच नव्हतं, कंपनीच्या बसमध्ये तो माझे तास बघायचा. "मॅडम, तुमच्यामुळे वर्ष वाचलं," म्हणाला. पुण्याच्या बैठकीत मी जे बोलले होते ते सगळं मी मनातल्या मनात मागे घेतलं. हा विद्यार्थी वर्गाच्या हट्टापायी मी गमावला असता, हे खरंच होतं, आजही खरं आहे.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी स्टाफरूमच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशी ओलांडलेली, अंगावर रेल्वेच्या लाइनवर काम करणाऱ्यांचं नारिंगी जाकीट, हातात ओली टोपी.

"आत येऊ का मॅडम? पाय लय चिखलाचं हायेत."

"ये. आमच्या स्टाफरूमला चिखल नवा नाही."

ती आली, पण खुर्चीवर बसली नाही. मला नीट न्याहाळून म्हणाली, "तुमी मला वळखलं न्हाई."

"चेहरा ओळखीचा वाटतो," मी म्हटलं.

"खोटं बोलू नका मॅडम," ती हसली. "बारा वर्सं झाली. खिडकीकडचा तिसरा बाक. मी औंढ्याची."

मी खरोखरच डोळे बारीक करून बघत होते आणि मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. प्रत्येक विद्यार्थ्याला चेहऱ्यानं ओळखते म्हणून पुण्यात टाळ्या मिळवणारी मी! ती वर्षभर माझ्यासमोर बसली होती, मग शेवटच्या वर्षाला तिचं लग्न झालं आणि ती दिसेनाशी झाली, आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. मला तिच्यासमोर अगदी लहान झाल्यासारखं वाटलं.

तिनं तिची हकिकत चार वाक्यांत सांगितली. लग्नानंतर तिनं सगळे पेपर बाहेरून दिले. सगळे सुटले, दुसऱ्या वर्षाचा माझा संख्याशास्त्राचा तेवढा राहिला. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, आजारपणात गेला, आणि त्याच्या जागी तिला नोकरी लागली. आता विद्यापीठानं सूचना काढली होती की जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना ऑक्टोबरमध्ये शेवटची संधी, त्यानंतर तो पेपर कायमचा बंद.

"पास झाले तर पदवी हातात येईल. खात्याच्या परीक्षेला बसता येईल, कचेरीत जाता येईल. खडीवर कंबर गेली मॅडम. न्हाई झाले तर ती तीन वर्सं पाण्यात. परत सुरवातीपासून कोण शिकणार हाय आता?"

"मग व्हिडिओ आहेत ना माझे," मी जरा ऐटीतच म्हटलं. "सगळा अभ्यासक्रम आहे त्यात."

"बगितलं. एकेक नऊ येळा बगितला."

"मग?"

"न्हाई समजत. वर्गात समजायचं. ह्या वीडिओत तुमी दमच घेत न्हाई."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "अगं, विषय तोच, पुस्तक तेच, मीही तीच. तुझं लक्ष नसेल." ती चिडली नाही. तिनं जाकिटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर निळ्या साडीतली मी. दोन नाणी उडवली, त्यातलं निदान एक छापा पडलंय एवढं आपल्याला कुणीतरी सांगितलं, तर दोन्ही छापे पडले असण्याची शक्यता किती? एक तृतीयांश. आता पुढचं उदाहरण.

"आता सांगा," ती म्हणाली. "का? एक छापा तर हायेच. दुसरं नाणं छापा तरी न्हाईतर काटा तरी. मग अर्धं का न्हाई?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि हॉर्न वाजला.

तोंड आपोआप मिटलं. हातानं आपोआप व्हिडिओ थांबवला. मालगाडी होती, रिकाम्या वाघिणींची, खडखडाट करत जाणारी. स्टाफरूमची तावदानं थरथरत होती. ती भिंतीकडे बघत उभी होती आणि तिची बोटं हलत होती. एक बोट मिटलं, दुसरं मिटलं, मग तिनं एक बोट परत उघडलं आणि झटकून टाकलं. मी श्वास रोखून बघत होते. सव्वीस वर्षं मी हे बघत आले होते आणि गेले सहा महिने व्हिडिओच्या कौतुकात मला त्याचा विसर पडला होता. गाडी संपली.

"चार परी व्हत्या," ती सावकाश म्हणाली. "छापा-छापा. छापा-काटा. काटा-छापा. काटा-काटा. त्यातली काटा-काटा तर उडालीच, कारण एक तरी छापा हाय म्हणून सांगितलंय. राहिल्या तीन. आणि त्या तिनातली एकच आपली." ती थांबली आणि तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम! तिनातली एक! एक तृतीयांश!"

मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप उलटला आणि अर्थशास्त्राच्या सरांच्या वहीवर चहा गेला. सर काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही. आम्ही दोघी मुलींसारख्या हसत होतो.

"वर्गात बी असंच व्हायचं," ती म्हणाली. "गाडी आली की मला उत्तर यायचं. मला वाटायचं माझं डोकंच गाडीवर चालतं."

मग मी तिला खरं सांगितलं. व्हिडिओतही मी प्रत्येक गाडीला थांबले होते, आणि त्या सगळ्या गाड्या मीच कापायला लावल्या.

"तुमीच?"

"मीच."

"आवो मॅडम!" एवढंच म्हणाली. आमच्या प्राचार्यांनी तासभर खडसावलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं.

त्याच दिवशी मी पुण्याला फोन लावला. न कापलेली रेकॉर्डिंग परत द्या म्हटलं. ते गृहस्थ म्हणाले, मॅडम, ती कधीच पुसली, जागा लागते. मग म्हटलं, पुन्हा करू, आणि या वेळी दिवे नकोत, माइक नको, निळी साडी नको. कॉलेजचा एक मोबाइल समोरच्या बाकावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवला आणि खऱ्या वर्गाचा खरा तास रेकॉर्ड केला. पावसानं दमट झालेला खडू मध्येच तुटतो, कुणीतरी उशिरा येतं, आणि गाडी आली की मी प्रश्न टाकून गप्प. प्राचार्यांनी ऐकून सांगितलं, "मॅडम, हॉर्न फार मोठा येतोय." मी म्हटलं, "येऊ दे, तो अभ्यासक्रमात आहे." संस्थेकडून आवाजाच्या दर्जाबद्दल एक पत्र आलं, त्याला मी तीन पानी उत्तर लिहिलं. त्यांनी पुन्हा पत्र पाठवलं नाही.

सगळ्यांना हे आवडलं असं मुळीच नाही. काही मुलं गाडी आली की व्हिडिओ पुढे ढकलतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकानं खाली लिहिलं होतं, "मॅडम, ही गाडी पुण्याला पोचली का?" सुदुंबऱ्याचा मुलगा मात्र म्हणाला की बसचा आवाज आणि त्यात गाडीचा आवाज, डोकं उठतं, पण उत्तर तळेगाव यायच्या आत निघतं. मला तेवढं पुरे होतं.

पण नवे व्हिडिओ पूर्ण होईपर्यंत थांबायला तिच्यापाशी वेळ कुठे होता! परीक्षेला सात आठवडे राहिलेले. दिवसभर लाइनवर, घरी सासू आणि मुलगी. बोलता बोलता तिनंच सांगितलं की कामावर असताना गाडी येणार असली की राखणीवरचा माणूस शिट्टी मारतो, सगळ्यांनी हत्यारं उचलून बाजूला व्हायचं, आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत तिथून हलायचं नाही.

"म्हणजे दिवसभर तू थांबतेसच?" मी ओरडले.

"व्हय की. दिसभर बाजूला उभं राहायचं आणि परत लाइनीवर यायचं."

मला नाचावंसं वाटलं. तिथल्या तिथे आमचं ठरलं. रोज सकाळी साडेसातला, तिचा मोबाइल मेटकडे, म्हणजे गँगच्या मुकादमाकडे, जमा व्हायच्या आधी मी तिला एक प्रश्न बोलून पाठवायचा. फक्त प्रश्न, उत्तर नाही. तो तिनं डोक्यात घेऊन जायचं आणि संध्याकाळी उत्तर बोलून पाठवायचं. "पण लक्ष गाडीवर असू दे हं," मी बजावलं. "बाजूला झाल्याबिगर न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मेट हाय, शिट्टी हाय, आणि माजी पोरगी हाय घरी."

ते सात आठवडे! माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे दिवस होते, हे मी शपथेवर सांगते. रात्री जेवताना मी उद्याचा प्रश्न शोधायची. संध्याकाळी सहा वाजले की मोबाइल हातात. तिचा आवाज यायचा, मागे वारा, कुणाच्या तरी पहारीचा ठणठणाट. कधी बरोबर, कधी सपशेल चूक. चुकलं की मी उत्तर सांगायची नाही, तोच प्रश्न दुसऱ्या सकाळी पुन्हा पाठवायची. एकदा तर एकच प्रश्न चार दिवस चालला. चौथ्या संध्याकाळी तिनं उत्तर असं ओरडून सांगितलं की माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

मग तिच्यामागून दुसरे आवाज यायला लागले. गँगमधली माणसं विचारायची, आज काय सवाल हाय? गाडीला बाजूला झाले की नऊ जणांत वाद. "मेट म्हनतोय उत्तर पंधरा हाय," ती सांगायची. "मी म्हनते धा. मेट ऐकतच न्हाई." मी निरोप पाठवला की मेटला सांग, उत्तर दहाच आहे. दुसऱ्या दिवशी मेटचाच आवाज आला, अगदी अदबीनं, "मॅडम, पंधरा का न्हाई ते जरा इस्कटून सांगा." मी म्हटलं, तेही तुमच्या गँगमधल्या या पोरीलाच विचारा. आणि तिनं समजावलं. ते ऐकून मला कळलं की आता हा पेपर तिच्या हातात आला.

तिच्या सुट्टीच्या दिवशी ती एकदा वर्गातही आली. साडी नेसून, वेणी घालून, तिसऱ्या बाकावर. पोरींनी सरकून जागा दिली. तासभर वही डोळ्याजवळ धरून बसली होती. शेवटी उभी राहून तिनं एक शंका विचारली, आणि ती शंका इतकी नेमकी होती की पहिल्या बाकावरच्या हुशार मंडळींनी वळून बघितलं. तास संपल्यावर त्या पोरी तिच्याभोवती जमल्या आणि आमची जेवणाची सुट्टी तिथेच संपली.

परीक्षेच्या दिवशी लाइनवर मोठं काम निघालं होतं, रजा मिळणं अवघड. गँगमधल्या दोघांनी आपली सुट्टी सोडून तिची पाळी केली. पेपर झाल्यावर तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "बरा गेला." मी खोदून खोदून विचारलं, तरी पुन्हा तेच. सकाळचे प्रश्न मात्र निकाल लागेपर्यंत चालू ठेवायचे, हे तिनं मागून घेतलं. मला जवळजवळ तीन महिने धड सुचलं नाही. सव्वीस वर्षांत कुठल्या निकालाची मी इतकी वाट बघितली नव्हती, माझ्या स्वतःच्या मुलाच्यासुद्धा नाही, आणि हे त्याला कळू नये.

जानेवारीत एका सकाळी निकाल लागल्याची बातमी आली. विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडेना. मी, आमचे लेखनिक आणि अर्थशास्त्राचे सर, तिघं तीन संगणकांवर. अकरा वाजता लेखनिकांकडे पान उघडलं. तिचा बैठक क्रमांक मला पाठ होता. पास! अठ्ठावन्न गुण! मी लेखनिकांना मिठीच मारणार होते, ते वेळेवर मागे सरले.

फोन करायचा तर तिचा मोबाइल मेटच्या पिशवीत. सहापर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. गँग मळवलीच्या अलीकडे काम करतेय हे तिच्या सकाळच्या निरोपात होतं. रिक्षा केली आणि रस्ता जिथे लाइनला जवळून जातो तिथे उतरले. कुंपणाच्या या बाजूला करंजाच्या झाडाखाली सगळे डबे उघडून बसले होते. मला बघून मेट उठला. "कोन पायजे मावशी? लाइनीकडं जाऊ नका."

"मी मॅडम!" मी म्हटलं. "प्रश्नवाली!"

एकच गलका झाला. कुणी चटणी पुढे केली, कुणी बसायला पोतं पसरलं. ती मात्र घास हातात धरून तशीच बसली होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं हात पाण्यानं धुतले, पदराला पुसले आणि बोट ठेवून क्रमांक वाचला. एकदा, मग पुन्हा, मग एकेक आकडा सुटा करून. मग शेजारणीला म्हणाली, "झाले गं." आणि तोंडावर जाकीट ओढून रडली. मीही रडले. मेटनं चष्मा पुसला. चार मिनिटांनी सगळे जण पुन्हा हसायला लागले, आणि मी त्या सगळ्यांच्या डब्यातलं थोडं थोडं खाल्लं.

निघताना ती रस्त्यापर्यंत आली. आता खात्याच्या परीक्षेचं बघ, अर्ज कधी निघतो ते विचार, असं मी भराभर सांगत होते. तिनं मध्येच विचारलं, "मंग उद्यापासनं सवाल बंद?"

खरं तर बंदच व्हायला हवे होते. पेपर सुटला होता, अभ्यासक्रम संपला होता. पण तिच्या आवाजात असा काही हिरमोड होता की पास झालेल्या माणसाच्या आवाजात तो मी कधी ऐकला नव्हता. मी मागे वळून झाडाखाली बघितलं. मेट सोडून नऊ जण, तिला धरून.

"हा घे," मी म्हटलं. "तुम्ही नऊ जण. रोज तिघातिघांचे तीन गट करायचे. दुसऱ्या दिवशी गट बदलायचे. पण अट अशी की एकदा एका गटात आलेले दोघं पुन्हा कधीच एका गटात येता कामा नयेत. असं किती दिवस चालवता येईल?"

तिनं तो ओठांतल्या ओठांत एकदा घोकला. "उत्तर काय येतं?"

"मला माहीत नाही. आत्ताच सुचला."

"तुमाला बी येत न्हाई?" तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो निकाल बघतानाही नव्हता.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. प्रत्येकाला बाकीचे आठ जण भेटायचे, रोज दोन भेटतात, म्हणजे चार दिवसांच्या वर जाणं शक्यच नाही. हे चटकन कळलं. तीन दिवस मी मांडलेही. चौथा मात्र बसेना. कुणी ना कुणी दोघं पुन्हा एकत्र यायचेच. दोन दिवस डोकं फोडलं आणि तिला निरोप पाठवला, "तीन दिवस. चौथा निघत नाही."

तिचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवस गेले. मी स्वतःची समजूत घातली की ठीकच आहे, पास झालेल्या माणसानं कशाला मागे वळून बघायचं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला मोबाइल वाजला. मागे वारा होता आणि बरीच माणसं एकदम बोलत होती.

"मॅडम, चौथा दिस निघतो. मेटनं चार दिस तशीच मानसं लावली, आमी करूनच बगितलं. कुनाची कुनाशी दुसऱ्यांदा गाठ पडली न्हाई. यादी पाठवलीय, बगा. आणि मॅडम, तुमी तिनावर का थांबला?"

मी यादी घेऊन टेबलाशी बसले आणि बारा गट, एकेक जोडी करून, पेन्सिलीनं तपासले. सगळे बरोबर होते.